गर्भाची अधिवृक्क ग्रंथी : एका प्रश्नाचा इतिहास

पूर्ण दिवसांच्या मानवी अर्भकाच्या दोन अधिवृक्क ग्रंथींचे मिळून वजन सुमारे ८ ग्रॅम भरते. प्रौढ मनुष्याच्या या दोन ग्रंथींचे वजनही जवळजवळ तितकेच असते. शरीराच्या वजनाशी तुलना केली तर अर्भकाची ग्रंथी प्रौढाच्या ग्रंथीच्या दहा ते वीस पट मोठी ठरते. गर्भावस्थेच्या चौथ्या महिन्यात तर ती शेजारच्या वृक्काएवढी दिसते. जन्मानंतर मात्र महिन्याभरातच तिचे वजन निम्म्यावर येते, आणि तिचा जो भाग गर्भात ऐंशी ते नव्वद टक्के जागा व्यापून होता तो पहिल्या वर्षाच्या आत नाहीसा होतो. जे इंद्रिय जन्मापूर्वी एवढे वाढावे आणि जन्मताच झडून जावे, त्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न शरीरशास्त्राच्या अभ्यासकांना दीर्घकाळ छळीत आला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा हेतू आहे. हा इतिहास सरळ रेषेत गेलेला नाही. ग्रंथीचा विचार जोवर तिच्यापुरता चालला होता तोवर उत्तर हाती आले नाही. आणि पुढे उत्तरे येऊ लागली तेव्हा ती कोणत्या प्राण्याकडून मिळाली यावर त्यांचे मोल अवलंबून राहिले.

अधिवृक्क ग्रंथीचे पहिले स्पष्ट वर्णन रोम येथे बार्तोलोमेओ युस्ताकी याने १५६३ मध्ये केले. तिचे कार्य मात्र पुढील तीनशे वर्षे अज्ञात होते. बोर्दो येथील विद्वत्परिषदेने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात 'या ग्रंथींचा उपयोग काय?' या विषयावर पारितोषिक जाहीर केले. आलेल्या निबंधांवरील अहवाल माँतेस्क्यू याने १७१८ मध्ये वाचला आणि एकही निबंध पारितोषिकास पात्र नसल्याचे सांगितले. कायद्याच्या तत्त्वज्ञानाने प्रसिद्धी पावलेल्या या पुरुषाने शरीरशास्त्रावर दिलेला हा निवाडा त्या काळच्या ज्ञानाची स्थिती पाहता अगदी रास्त होता. १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस ॲडिसन याने या ग्रंथींच्या विकृतीने होणारा घातक रोग वर्णिला. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार याने प्राण्यांतील दोन्ही ग्रंथी काढून टाकल्यास मृत्यू ओढवतो असे दाखविले. प्रौढ शरीरातील ग्रंथीचे महत्त्व त्यामुळे निर्विवाद झाले. गर्भातील ग्रंथीकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेले नव्हते.

येथे एका जुन्या निरीक्षणाची दखल घेतली पाहिजे. मेंदू व कवटीचे छत यांची वाढच न झालेले मस्तिष्कहीन गर्भ कधीकधी जन्मास येतात, आणि अशा गर्भांत अधिवृक्क ग्रंथी अत्यंत लहान असते, ही गोष्ट अठराव्या शतकातच मोर्गान्यी याच्या ध्यानात आली होती. दीडशे वर्षे हे निरीक्षण विकृतिशास्त्राच्या ग्रंथांतून एक विचित्र नोंद म्हणून पडून राहिले. १९१० मध्ये स्टार्केल व वेग्झिनोव्हस्की यांनी गर्भ व बालके यांच्या ग्रंथींचे सूक्ष्मदर्शकी वर्णन केले आणि बाह्यकाच्या आतील रुंद पट्ट जन्मानंतर ऱ्हास पावतो हे दाखविले. १९११ मध्ये एलियट व आर्मर या दोन संशोधकांनी मस्तिष्कहीन गर्भांच्या ग्रंथी तपासल्या. तेथे हा आतील पट्टच जवळजवळ नव्हता, बाहेरचा पातळ थर मात्र शाबूत होता. ग्रंथी सरसकट लहान झालेली नसून तिचा एक विशिष्ट भाग लोपलेला आहे, हा या निष्कर्षाचा अर्थ. त्या भागास पुढे गर्भीय पट्ट हे नाव रूढ झाले. आपण ज्याला आज निसर्गाचा प्रयोग म्हणू तो येथे सिद्ध होऊन पुढ्यात ठेवलेला होता : मेंदू नाही, म्हणून पोष ग्रंथीस चालना नाही, म्हणून गर्भीय पट्ट नाही. परंतु पोष ग्रंथी अधिवृक्कावर हुकमत चालविते हे १९११ मध्ये ठाऊक नसल्यामुळे या साखळीतील मधला दुवा कोणासच दिसणे शक्य नव्हते.

त्यानंतरची पंचवीस वर्षे एका गैरसमजाने व्यापिली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९२७ मध्ये एव्हलिन हॉवर्ड हिने उंदराच्या अधिवृक्कात एक क्षणजीवी पट्ट शोधला. नर उंदरात तो वयात येताना आणि मादीत पहिल्या गर्भारपणात नष्ट होतो. त्याला एक्स-पट्ट म्हणतात. मानवी गर्भातील पट्टही क्षणजीवी, उंदराचा पट्टही क्षणजीवी, तेव्हा दोन्ही एकच असे अनेकांनी धरून चालले आणि उंदरावर केलेल्या प्रयोगांतून मानवी गर्भाबद्दल अनुमाने निघू लागली. उंदराचा पट्ट जन्मानंतर वाढतो आणि मनुष्याचा जन्मानंतर झडतो, हा भेद कोणाच्या डोळ्यांत खुपू नये हे नवल होय. संशोधकाला प्रयोगशाळेत सहज मिळणारा प्राणीच प्रमाण मानण्याची ओढ किती प्रबळ असते याचे हे बोलके उदाहरण आहे. याच इतिहासात ते पुन्हा एकदा घडलेले आपणास दिसेल.

गैरसमज दूर करण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकन बालरोगतज्ज्ञ जोनाथन लॅन्मन यांना द्यावे लागेल. १९५३ मधील विस्तृत समीक्षेत त्यांनी गर्भीय पट्टाचा विकासक्रम व निरनिराळ्या प्राण्यांतील रचना यांचा परामर्श घेतला, आणि १९५७ मध्ये हा पट्ट नरवानर गणातील प्राण्यांत आढळत असल्याचे मांडले. वारेतून स्रवणाऱ्या गोनॅडोट्रोपिन या हॉर्मोनामुळे तो पोसला जात असावा असा तर्कही त्यांनी केला. तो तर्क पुढे मागे पडला. पोष ग्रंथीतून येणारे अधिवृक्क-उत्तेजक हॉर्मोन, ज्यास संक्षेपाने एसीटीएच म्हणतात, तेच पट्टाचे मुख्य पोषक आहे असे दिसून आले. मात्र लॅन्मन यांची शंका निराधार नव्हती. कुर्ट बेनिर्श्के यांनी १९५६ मध्ये मस्तिष्कहीन गर्भांच्या ज्या ग्रंथी अभ्यासिल्या त्यांवरून असे दिसले की गर्भावस्थेच्या पूर्वार्धात त्या जवळजवळ प्राकृत आकाराच्या असतात आणि त्यांचा ऱ्हास त्यानंतर सुरू होतो. तेव्हा आरंभीच्या वाढीस पोष ग्रंथीची गरज मर्यादितच आहे. एखाद्या तर्काचे उत्तर चुकावे परंतु प्रश्न बरोबर असावा, असे शास्त्रात वरचेवर घडते.

आतापर्यंतचे सर्व पुरावे सूक्ष्मदर्शकाचे होते. ग्रंथीचे काम कळण्यासाठी रसायनशास्त्राला, आणि तेही गर्भाच्या नव्हे तर मातेच्या मूत्राच्या रसायनशास्त्राला, यावे लागले. १९३० मध्ये गाय मॅरियन यांनी गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून ईस्ट्रिऑल हे ईस्ट्रोजेन वर्गातील द्रव्य वेगळे केले. १९५५ मध्ये जेम्स ब्राउन यांनी मूत्रातील तीन ईस्ट्रोजेने अचूक मोजण्याची पद्धती प्रसिद्ध केली. गर्भारपणाच्या अखेरीस ईस्ट्रिऑलचे उत्सर्जन एरवीच्या सुमारे हजारपट होते हे तिच्या साहाय्याने स्पष्ट झाले. एवढे ईस्ट्रिऑल येते कोठून? मातेचे अंडाशय वा अधिवृक्क काढलेले असले तरी उत्सर्जनात विशेष फरक पडत नाही हे ठाऊक असल्याने सर्वांचा रोख वारेकडे होता. १९५९ मध्ये केनेथ रायन यांनी मानवी वारेतील एंझाइमे पुरुषी हॉर्मोनांचे ईस्ट्रोजेनांत रूपांतर करतात हे सिद्ध केले. परंतु कोलेस्टेरॉलपासून आरंभ करून त्या पुरुषी हॉर्मोनांपर्यंत पोचण्यासाठी लागणारे सतरा-हायड्रॉक्सिलेज हे एंझाइम वारेत कार्यक्षम प्रमाणात सापडेना. वारेजवळ शेवटची पायरी होती, मधली नव्हती.

गाठ सुटली ती १९६० नंतरच्या पाचसहा वर्षांत, आणि ती एका ठिकाणी सुटली नाही. १९६० मध्ये एत्येन-एमील बोल्यू यांनी अधिवृक्क ग्रंथी डीहायड्रोएपिअँड्रोस्टेरोन हे स्टेरॉइड सल्फेटाच्या रूपात स्रवते असे दाखविले. १९६१ मध्ये डेन्मार्कमधील फ्रांडसन व स्टाकेमान यांनी मस्तिष्कहीन गर्भ पोटात असलेल्या स्त्रियांचे मूत्र तपासले. त्यांतील ईस्ट्रिऑल नेहमीच्या सुमारे एक दशांश इतकेच भरले. गर्भ जिवंत, वार शाबूत, माता निरोगी, उणीव होती ती केवळ गर्भाच्या अधिवृक्कातील आतल्या पट्टाची. मोर्गान्यीची जुनी नोंद आणि एलियट-आर्मर यांचे सूक्ष्मदर्शकी काप यांना अर्थ प्राप्त झाला तो या क्षणी. १९६३ मध्ये डॅलस येथील सीटेरी व मॅक्डोनल्ड यांनी किरणोत्सर्गी खुणेचे डीएचईए-सल्फेट मातेच्या रक्तात सोडून ते ईस्ट्रोजेनाच्या रूपात मूत्रात उतरते हे दाखविले. त्याच वर्षी बोल्यू व द्रे हेही याच निर्णयास आले. मातेच्या व गर्भाच्या अधिवृक्कांचा वाटाही पुढे ठरविता आला. पूर्ण दिवसांच्या सुमारास ईस्ट्रिऑलचे सुमारे नव्वद टक्के पूर्वद्रव्य गर्भाकडून येते.

या सर्व पुराव्यांची एकत्र मांडणी करून तिला नाव दिले ते स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील एगॉन दित्सफालुशी यांनी. गर्भ आणि वार ही दोन स्वतंत्र इंद्रिये नसून हॉर्मोननिर्मितीच्या दृष्टीने ते एकच एकक आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. वारेपाशी ज्या एंझाइमांची वाण आहे ती गर्भापाशी आहेत, आणि गर्भाच्या पट्टापाशी ज्यांची वाण आहे ती वारेपाशी. गर्भीय पट्टात थ्री-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डीहायड्रोजिनेज हे एंझाइम अत्यल्प असते, म्हणून तेथे प्रोजेस्टेरोन व कॉर्टिसोल यांच्या मार्गाने द्रव्ये वळत नाहीत आणि सारा ओघ डीएचईए-सल्फेटाकडे जातो. पूर्ण दिवसांच्या सुमारास हा ओघ दिवसाकाठी १०० ते २०० मिलिग्रॅम एवढा मोठा असतो. त्यातील काही भाग गर्भाच्या यकृतात सोळाव्या कार्बनावर हायड्रॉक्सिल गट घेऊन वारेत जातो. वारेतील सल्फाटेज सल्फेट काढून टाकते, ॲरोमाटेज त्याचे ईस्ट्रिऑल करते आणि ते मातेच्या रक्तात उतरते. सल्फेट जोडण्याची योजना व्यर्थ नाही. सल्फेटबद्ध द्रव्य जवळजवळ निष्क्रिय असते, त्यामुळे एवढे पुरुषी पूर्वद्रव्य गर्भाच्या अंगात खेळत असूनही स्त्रीगर्भावर त्याचा परिणाम होत नाही.

दित्सफालुशी यांचे निष्कर्ष ज्या प्रयोगांवर उभे होते त्यांचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्वीडनच्या कायद्यानुसार होणाऱ्या गर्भपातांच्या वेळी, जगू न शकणाऱ्या गर्भांच्या व वारेच्या रक्तवाहिन्यांतून खुणेची स्टेरॉइडे वाहवून त्यांनी ही माहिती मिळविली. ती अन्य मार्गाने त्या काळी मिळाली नसती हे खरे आहे. तरीही पुढील दशकात अशा संशोधनाविषयी लोकमत पालटले. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने जिवंत गर्भावरील संशोधन काही काळ थांबविले गेले आणि १९७५ मध्ये एका राष्ट्रीय आयोगाने त्याविषयी नियम सुचविले. मानवाऐवजी वानरांकडे वळण्याचे हे एक कारण होय.

शोधाचे व्यावहारिक पडसाद ताबडतोब उमटले. ईस्ट्रिऑल गर्भाच्या अधिवृक्कातून सुरू होऊन मातेच्या मूत्रात संपत असेल तर मूत्र मोजून गर्भाची प्रकृती ओळखता येईल, हा विचार मोहक होता. १९६० नंतरच्या दशकात अनेक देशांतील प्रसूतिगृहांत गर्भवती स्त्रिया चोवीस तासांचे मूत्र बरण्यांतून साठवू लागल्या, आणि ईस्ट्रिऑल घसरल्यास मुदतीपूर्वी प्रसूती घडवून आणण्याचे निर्णय होऊ लागले. परंतु जीवरासायनिक साखळी खरी असणे आणि तिच्या आधारे केलेली परीक्षा उपयुक्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६९ मध्ये न्यूझीलंडच्या फ्रान्स व लिगिन्स यांनी वारेतील सल्फाटेजच्या जन्मजात अभावाचे वर्णन केले. या स्थितीत ईस्ट्रिऑल अत्यल्प असूनही गर्भ सुदृढ असतो. मोजमापावर विसंबणाऱ्या वैद्याला तो संकटात वाटला असता. १९७६ मध्ये ६२२ गर्भवती स्त्रियांवर झालेल्या यदृच्छ विभाजनाच्या चाचणीत रक्तातील ईस्ट्रोजेन मोजल्याने अर्भकमृत्यू कमी होतात असे दिसले नाही. या चाचणीच्या कर्त्यांत ज्यांनी सीटेरींसह मूळ मार्ग शोधला ते मॅक्डोनल्डच होते. स्वतःच्या शोधातून उपजलेल्या परीक्षेला अशा कसोटीस लावणे हा गुण शास्त्रज्ञांत वाटतो तितका सुलभ नाही, आणि माझ्या मते मॅक्डोनल्ड यांचे हे काम मूळ शोधाहून कमी योग्यतेचे नाही.

आता त्या दुसऱ्या प्रसंगाकडे वळू, ज्यात सहज मिळणाऱ्या प्राण्याने पुन्हा वाट दाखविली आणि पुन्हा अपुरी ठरविली. मस्तिष्कहीन गर्भ पोटात असता प्रसूती कधीकधी फार लांबते, हे मॅल्पस यांनी १९३३ मध्ये नोंदविले होते. ऑकलंडच्या माँट लिगिन्स यांनी मेंढीच्या गर्भाची पोष ग्रंथी नष्ट केली तेव्हा मेंढी वेळेवर व्यालीच नाही. उलट गर्भाला एसीटीएच वा कॉर्टिसोल दिल्यावर ती मुदतीपूर्वी व्याली. प्रसूतीची वेळ गर्भाचे अधिवृक्क ठरविते, हा निर्णय मेंढीपुरता निःसंशय झाला. या प्रयोगांतून एक अनपेक्षित लाभही झाला. मुदतीपूर्वी जन्मलेल्या कोकरांची फुप्फुसे अपेक्षेहून अधिक फुगलेली आढळली. त्यावरून लिगिन्स व हाउवी यांनी १९७२ मध्ये २८२ मातांवरील चाचणी प्रसिद्ध केली आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीपूर्वी मातेस स्टेरॉइड दिल्यास अर्भकाचे श्वसनविकार घटतात हे सिद्ध केले. हा उपचार आज जगभर चालतो.

परंतु कॉर्टिसोलने स्त्रीची वा वानरीची प्रसूती सुरू होत नाही. याचे कारण वर आलेच आहे. मेंढीच्या वारेत कॉर्टिसोलच्या प्रभावाने सतरा-हायड्रॉक्सिलेज निर्माण होते आणि ती स्वतःच प्रोजेस्टेरोनपासून ईस्ट्रोजेन बनवू लागते. नरवानरांच्या वारेला हे साधत नाही. तिला गर्भाच्या डीएचईए-सल्फेटाची वाट पाहावी लागते. म्हणून मेंढीत जे काम कॉर्टिसोल करते त्यासाठी नरवानरांना एक वेगळा, प्रचंड, अल्पायुषी पट्ट पोसावा लागतो. घोड्यात हीच गरज गर्भाच्या अवाढव्य वाढलेल्या जननग्रंथी भागवितात. निसर्गाने एकच उणीव दोन ठिकाणी दोन प्रकारे भरून काढली आहे.

वानरांवरील प्रयोगांचा इतिहास याहून जुना आहे आणि त्यात आपल्या देशाचाही एक अप्रत्यक्ष संबंध येतो. प्रयोगशाळांतील ऱ्हीसस माकडे प्रामुख्याने भारतातून निर्यात होत. १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर अशी शेकडो माकडे गुदमरून मेल्यावर निर्यात काही काळ थांबविण्यात आली, आणि १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने ती कायमची बंद केली. या माकडांवरील एक प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. येल विद्यापीठात १९३१ पासून ऱ्हीसस माकडे पाळणाऱ्या गर्ट्रूड व्हॅन वॅगेनेन हिने १९४३ मध्ये न्यूटन यांच्यासह असे दाखविले की गर्भ काढून टाकला तरी वार गर्भाशयात टिकून राहू शकते आणि मुदतीच्या सुमारास बाहेर पडते. १९७४ मध्ये टलनर व हॉजेन यांनी त्याच शस्त्रक्रियेनंतर मातेच्या रक्तातील ईस्ट्रोजेन झपाट्याने घसरते हे मोजून दाखविले. गर्भाचे केवळ अधिवृक्क काढले असता ऱ्हीससची प्रसूती मेंढीप्रमाणे सरसकट लांबत नाही, वेळेची नियमितता मात्र बिघडते, असे १९७२ च्या एका अभ्यासात आढळले. १९९६ मध्ये मातेच्या रक्तात अँड्रोस्टीनडायोन सतत सोडल्याने ऱ्हीसस माकडिणी मुदतीपूर्वी व्याल्या. वारेला पूर्वद्रव्य पुरविले की प्रसूतीची यंत्रणा हलते, ते कोठून आले याची तिला पर्वा नाही.

नियमनाच्या प्रश्नावर सर्वांत चिकाटीने काम झाले ते बबूनवर. गेराल्ड पेपे व यूजीन अल्ब्रेक्ट यांनी त्याच्या सुमारे १८४ दिवसांच्या गर्भकाळाचा अभ्यास कित्येक वर्षे चालविला. गर्भकाळाच्या मध्यास मातेचे कॉर्टिसोल वारेतून गर्भात पोचते आणि गर्भाच्या पोष ग्रंथीस दाबून ठेवते. पुढे वाढत्या ईस्ट्रोजेनाच्या प्रभावाने वारेतील एक एंझाइम मातेच्या कॉर्टिसोलचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये अधिकाधिक रूपांतर करू लागते. दाब उठताच गर्भाची पोष ग्रंथी एसीटीएच स्रवू लागते आणि त्याचे अधिवृक्क स्वतःचे कॉर्टिसोल बनविण्याइतके प्रौढ होते. म्हणजे गर्भीय पट्टाने पुरविलेल्या द्रव्यापासून बनलेले ईस्ट्रोजेन फिरून गर्भाच्याच ग्रंथीचा विकास घडवून आणते. नवे शतक उजाडल्यावर या संशोधकांनी याची दुसरी बाजूही दाखविली. ॲरोमाटेज रोखणाऱ्या लेट्रोझोल या औषधाने ईस्ट्रोजेन जवळजवळ नाहीसे केले तेव्हा गर्भीय पट्ट आक्रसण्याऐवजी फुगला आणि गर्भाच्या रक्तातील डीएचईए-सल्फेट वाढले. ईस्ट्रोजेन पट्टाला लगामही घालते हे यावरून दिसते.

मानवाविषयी आणखी एक भर पडली ती १९९५ मध्ये. ऑस्ट्रेलियातील रॉजर स्मिथ व त्यांचे सहकारी यांनी मातेच्या रक्तातील सीआरएच या हॉर्मोनाची पातळी गर्भकाळाच्या लांबीशी निगडित असल्याचे दाखविले. हे हॉर्मोन एरवी मेंदूचे, पण नरवानरांत वारही ते बनविते. १९९८ मध्ये ते गर्भीय पट्टाच्या पेशींना थेट चेतवून डीएचईए-सल्फेट स्रवावयास लावते असे निष्पन्न झाले. गर्भाचा कॉर्टिसोल वारेतील हे हॉर्मोन कमी करीत नाही, वाढवितो, ही गोष्ट मेंदूतील नियमाच्या नेमकी उलट आहे. बबूनमध्ये मात्र या हॉर्मोनाची पातळी गर्भकाळाच्या पूर्वार्धातच शिखर गाठते आणि मग उतरते. तेव्हा नरवानर हा शब्दही येथे सावधपणे वापरला पाहिजे. या बाबतीत मनुष्याचे साम्य चिंपँझी व गोरिला यांच्याशी आहे, बबूनशी नाही.

एवढ्या प्रचंड प्रमाणात बनणारे ईस्ट्रोजेन गर्भ टिकण्यास अपरिहार्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा एका निसर्गाच्या प्रयोगाने दिले. १९९१ मध्ये जपानमध्ये वारेतील ॲरोमाटेजचा जन्मजात अभाव असलेले पहिले प्रकरण वर्णिले गेले. ईस्ट्रोजेन अत्यल्प असूनही गर्भ पूर्ण दिवसांचा झाला. परंतु गर्भारपणात मातेच्या अंगी पुरुषी लक्षणे उमटली आणि जन्मलेल्या मुलीच्या बाह्य जननेंद्रियांतही ती दिसली. वार गर्भीय पट्टाच्या द्रव्याचे केवळ ईस्ट्रोजेन बनवीत नाही, त्या द्रव्यापासून माता व गर्भ या दोघांना वाचविण्याचे कामही करते, हे त्यावरून उघड झाले. जन्मानंतर नाळ तुटली की हा व्यवहार संपतो. पट्टातील पेशी मरू लागतात आणि रक्तातील डीएचईए-सल्फेट उतरत जाऊन नगण्य होते. मुलाच्या वयाच्या सहाव्या ते आठव्या वर्षी ते पुन्हा वाढू लागते, तेव्हा त्याचा उगम बाह्यकाच्या सर्वांत आतील नव्या थरात असतो. हा उशिराचा उदय मनुष्याप्रमाणे चिंपँझीतही आढळला आहे.